कालव्याकाठची बिनमोटारीची वाट

मागच्या वेळी इथं शेळ्यांच्या लसीवर बोलणं झालं, त्याच्या आधी परसबागेवर. आज मी सायकलवर बोलणार आहे. हसू येत असेल तर हसून घ्या. मी एकोणचाळिसाव्या वर्षी सायकल शिकले तेव्हा आमची आख्खी आळी हसली होती, त्यामुळे मला आता त्याची सवय झाली आहे.

खरं तर मला सायकलपेक्षा तिच्या वाटेबद्दल बोलायचं आहे. आमच्या गावाच्या खालच्या अंगाला मोठा रस्ता आहे आणि वरच्या अंगाला कालवा. बँक, दवाखाना, मुलींची शाळा, सगळं बाजाराच्या गावाला, सहा किलोमीटरवर. रस्त्यानं जायचं तर वडाप. ती भरल्याशिवाय हलत नाही. गटाच्या पासबुकावर एक नोंद करून आणायची तरी अर्धा दिवस जायचा, म्हणजे अर्ध्या दिवसाचा रोजगार गेला. आणि दिवाळीपासून शिमग्यापर्यंत कारखाना चालू असतो. एका ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेला, मागं दिवा नाही, आणि वर गाणी अशी लावलेली की मागून कोणी ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. त्या रस्त्यावर नवशिक्या बाईनं सायकल काढणं म्हणजे मरणाला आवतण देणं.

वरच्या अंगाला कालव्याचा भराव आहे. त्याच्यावरून मुरमाची वाट जाते. तिच्यावर मोटार नाही, ट्रॅक्टर नाही. पाटकऱ्याची फटफटी दिवसातून एकदा, गुरं सकाळ-संध्याकाळ, बाकी बगळे. ह्या वाटेनं बाजाराचं गाव सात किलोमीटर पडतं. एक किलोमीटर जास्त, पण जीव मुठीत धरावा लागत नाही. मी शिकले ती इथंच. आमच्या गटातल्या अकराजणींपैकी सातजणी आता सायकल चालवतात, त्याही इथंच शिकल्या.

आता कालव्याला अशी वाट मुळात असते का, हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. कालवा बांधला की तो सांभाळावा लागतो. कुठं उंदीर-घुशींनी भोकं पाडली, कुठं पाझर लागला, कुणी रात्रीतून पाइप घालून पाणी पळवलं, हे बघत फिरणारा माणूस लागतो. त्याला चालायला वाट पाहिजे, गाळ काढायला यंत्र आलं तर त्याला उभं राहायला जागा पाहिजे. म्हणून भरावाच्या माथ्यावर वाट सोडतात. आपल्याकडचे जुने कालवे सव्वाशे-दीडशे वर्षांचे आहेत. खडकवासल्याचं धरण १८७९ साली पुरं झालं, त्याचा मुठा कालवा. नीरेचा डावा कालवा १८८५ सालचा. म्हणजे आपल्या पणज्यांच्या काळापासून ह्या वाटा आहेत.

आणि ही वाट सायकलीला इतकी सोपी का जाते? कारण ती पाण्यानं आखलेली आहे. पाण्याला चढ चढता येत नाही. कालव्याला उतार देतात तोही अगदी बेताचा, किलोमीटरभर गेल्यावर वीत-दीड वीत. डोंगर आडवा आला तर कालवा त्याला वळसा घालतो, ओढा आला तर वरून पुलासारखा जातो नाहीतर खालून मोरीनं. त्यामुळे वाट लांबते, पण दम लागत नाही. मोठा रस्ता सरळ आहे, त्याला दोन चढ आहेत. त्या चढांवर आमच्या पोरी सायकल हातात धरून चालत जातात. कालव्याच्या वाटेवर डबल सीट घेऊनही कुणी उतरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं आम्हाला ठाऊक आहे, रेडिओवर सांगण्यासारखं त्यात काय. तर ऐका.

दोन वर्षांपूर्वी थंडीत चार माणसं ह्या वाटेनं सायकलवर आली. पुण्याची होती. डोक्यावर टोप्या, अंगाला घट्ट कपडे. आमच्या वस्तीवर पाणी मागायला थांबली. त्यांच्यात एक बाई होत्या, माझ्यापेक्षा मोठ्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांना विचारलं, ताई, तुम्हाला एवढा चांगला डांबरी रस्ता सोडून ह्या मुरमात कशाला यावंसं वाटलं? त्या म्हणाल्या, मुरमासाठीच आलो. त्यांच्या सायकलीला ग्रॅव्हल सायकल म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे बारीक खडी, मुरूम. अशी सायकल घेऊन मोटारी नसलेल्या वाटा शोधत फिरायचं, शेतांतून, कालव्याकाठानं, जुन्या गाडीवाटांनी. जगभर लोक असं फिरतात म्हणे. सायकलीची किंमत त्यांनी सांगितली, ती मी इथं सांगत नाही, कारण तेवढ्यात आपल्याकडं दुभती म्हैस येते.

मी त्या सायकलीचा टायर बोटांनी मोजून बघितला. चाळीस मिलिमीटर रुंद आहे, असं त्या म्हणाल्या. मुरमात चाक रुतू नये, घसरू नये म्हणून टायर रुंद आणि हवा थोडी कमी, एवढीच मेख. मग मी आमच्या सासऱ्यांची काळी सायकल काढली, दुधाचे कॅन वाहायची ती. तिच्या टायरवर लिहिलेलं असतं अठ्ठावीस बाय दीड. दीड इंच म्हणजे अडतीस मिलिमीटर. म्हणजे जवळजवळ तोच टायर! त्या ताई खूप हसल्या. म्हणाल्या, तुमच्याकडं ग्रॅव्हल सायकल पन्नास वर्षांपासून आहे, फक्त नाव ठेवलेलं नाही.

त्यांनीच मला अमेरिकेतल्या एका कालव्याची गोष्ट सांगितली. त्यांची बहीण तिकडं असते, तिच्याबरोबर त्या ह्या कालव्याच्या वाटेनं सायकलवर गेल्या होत्या. मला ती गोष्ट एवढी लागून राहिली की पुढं मी आमच्या हायस्कूलच्या बाईंना गाठून बारकाईनं माहिती काढायला लावली. आमच्या गावात सध्या जे चाललंय त्याच्याशी तिचा संबंध आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

कालव्याचं नाव चेसापीक आणि ओहायो. पोटोमॅक नावाची नदी आहे, तिच्या काठाकाठानं हा जातो, वॉशिंग्टन शहरापासून कंबरलँड गावापर्यंत, २९७ किलोमीटर. १८२८ साली ४ जुलैला देशाच्या अध्यक्षांनी पहिली कुदळ मारली आणि कालवा कंबरलँडला पोचला १८५० साली. बावीस वर्षं. मध्ये एक डोंगर आला, तो फोडून साडेनऊशे मीटर लांबीचा बोगदा काढला, त्यातच चौदा वर्षं गेली.

हा कालवा शेतीच्या पाण्याचा नव्हता, हे लक्षात घ्या. तो नावांचा होता. वरच्या मुलखातला दगडी कोळसा नावांत भरून खाली शहराला न्यायचा. नाव ओढायची कुणी? खेचरांनी. दोन-तीन खेचरं काठावरून चालायची, त्यांच्या गळ्यातल्या जोताला लांब दोर, दोराच्या टोकाला नाव. खेचरांना चालायला काठानं सलग वाट लागायची. ती वाट म्हणजेच आजची सायकलची वाट. आपल्या कालव्याची वाट पाटकऱ्यासाठी झाली, त्यांची खेचरांसाठी. इंग्लंडमधल्या कालव्यांनाही अशाच वाटा आहेत, तिथं घोडे नावा ओढायचे, आणि आता तिथंही लोक चालतात, सायकली चालवतात.

चढाचं काय? आपला कालवा चढ चुकवतो. त्यांना मात्र नाव डोंगराकडं वर न्यायची होती. म्हणून त्यांनी पायऱ्या केल्या, पाण्याच्या. दोन दरवाज्यांमध्ये दगडी हौद. नाव आत घ्यायची, मागचा दरवाजा लावायचा, वरचं पाणी आत सोडायचं, हौद भरला की नाव आपोआप वर उचलली जाते. मग पुढचा दरवाजा उघडून पुढं. असे ७४ हौद आहेत त्या कालव्यावर. हौदांजवळ दरवाजे उघडणाऱ्यांची घरं. रात्री-अपरात्री नाव आली की नावाडी शिंग फुंकायचा आणि उठून दरवाजे उघडावे लागायचे.

नावेवर कुटुंबच्या कुटुंब राहायचं. नवरा सुकाणूवर बसला की बाई चूल सांभाळायची, आणि तो झोपला की बाई सुकाणूवर. दहा-बारा वर्षांची पोरं खेचरांमागं दिवसभर चालायची. अगदी लहान, रांगतं-धावतं पोर असेल तर ते पाण्यात पडू नये म्हणून दोरीनं नावेला बांधून ठेवायचे. हे ऐकल्यावर मला आपल्या ऊसतोडीच्या बाया आठवल्या, फडाच्या कडेला झाडाला झोळी बांधून कोयता चालवणाऱ्या. देश कुठला का असेना.

पुढं रेल्वे आली, कालव्याचा धंदा बसत गेला. १८८९ साली मोठा पूर आला आणि कंपनी बुडाली. १९२४ साली परत पूर आला, तेव्हापासून नावा कायमच्या थांबल्या. १९३८ साली सरकारनं सगळा कालवा वीस लाख डॉलरला विकत घेतला. पण करायचं काय त्याचं? पाणी आटलं, कालव्यात झाडं उगवली. मग सरकारात एक विचार पुढं आला की एवढी सपाट, सलग, आयती जागा आहे, तिथं मोटारींचा रस्ता करू. लोक गाडीतून नदी बघत जातील. वॉशिंग्टन पोस्ट नावाचं तिथलं मोठं वर्तमानपत्र आहे, १९५४ च्या जानेवारीत त्यानंही लिहिलं की रस्ता व्हावा.

तिथल्या सर्वोच्च न्यायालयात विल्यम डग्लस नावाचे न्यायाधीश होते. त्यांना चालायचा नाद. सुट्टीला ते ह्या वाटेनं फिरायचे. त्यांनी त्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं, की ज्यानं हा लेख लिहिला त्यानं माझ्याबरोबर ही सगळी वाट चालून यावं, मग मत द्यावं. संपादकांनी आव्हान घेतलं. मार्च महिन्यात कंबरलँडहून चालायला सुरुवात झाली. आठ दिवस. थंडी, त्यात मध्ये बर्फ पडलं. संपादक, जंगलाचे जाणकार, हौशी माणसं, असे कितीतरीजण होते, पण पायाला फोड येऊन एकेक गळत गेला. सगळी वाट चालून शेवटपर्यंत पोचले ते नऊजण, त्यांत पंचावन्न वर्षांचे न्यायाधीश होते. वाटेत गावोगावी माणसं त्यांना बघायला जमायची. चालणं संपल्यावर त्या वर्तमानपत्रानं आपलं मत बदललं.

पण एका चालण्यानं काम झालं नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रस्त्याचा विचार मागं पडला तरी वाट कायमची राखून ठेवणारा कायदा व्हायला १९७१ साल उजाडलं. सतरा वर्षं. मधल्या काळात माणसं अर्ज करत राहिली, वाट साफ करत राहिली, दर वर्षी चालत राहिली.

आज त्या वाटेवर मोटारीला बंदी आहे. माणूस पायी जाऊ शकतो, सायकलनं जाऊ शकतो. थोड्या-थोड्या अंतरावर मुक्कामाच्या जागा आहेत, तिथं हातपंप आणि संडास. तंबू ठोकायचा, फुकट राहायचं. दरवाजे उघडणाऱ्यांची काही जुनी घरं दुरुस्त करून मुक्कामाला भाड्यानं देतात. नियम साधे आहेत. सायकलीला घंटी पाहिजे, पुढं माणूस दिसला की वाजवायची, चालणाऱ्याला आधी वाट द्यायची. त्या लांब बोगद्यात उतरून सायकल हातात धरून जायचं. कंबरलँडच्या पुढं जुन्या रेल्वेमार्गावर दुसरी सायकलवाट केली आहे, तीही बारीक खडीची, पिट्सबर्ग शहरापर्यंत. ती २०१३ साली पुरी झाली. दोन्ही मिळून साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास, आणि बहुतेक सगळी बिनमोटारीची. त्या ताईंना सगळ्यात नवल वाटलं ते वाटेवरच्या लहान गावांचं. कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर ओस पडत चाललेल्या गावांतून आता खाणावळी आहेत, राहायच्या खोल्या आहेत, पंक्चरची दुकानं आहेत. सायकलवाल्याला भूक फार लागते ना!

हे झालं तिकडचं. आता आपल्या वाटेवर या.

आपली वाट आणि त्यांची वाट ह्यांत एक मोठा फरक आहे. त्यांचा कालवा बहुतेक ठिकाणी कोरडा आहे. आपला वाहता आहे. आवर्तन चालू असलं की पाणी पुरुषभर खोल असतं आणि त्याला ओढ असते. पूर्वी कालव्याचे काठ मातीचे होते, गवताला धरून माणूस वर यायचा. आता सिमेंटचं अस्तर आहे. उतरती भिंत आणि तिच्यावर शेवाळ. चांगला पोहणारा गडीसुद्धा त्याच्यावरून वर चढू शकत नाही, पाय टेकवला की घसरतो. म्हणून मी जे आता सांगते ते नीट ऐका, आणि पोरींना ऐकवा.

नवशिकीनं आधी कालव्यावर जायचंच नाही. खळ्यात, शाळेच्या पटांगणात शिकायचं, आणि हवा तेव्हा ब्रेक मारून पाय टेकवता आला की मगच भरावावर. तीही पहिल्यांदा कालवा बंद असताना, कोरडा असताना. चालवताना शेताच्या बाजूनं चालवायचं, पाण्याच्या बाजूनं नाही. समोरून गुरं आली तर उतरायचं, आणि शेताच्या बाजूला उभं राहायचं. म्हैस धक्का देते, तिला दोष देऊन उपयोग नाही. मोरीजवळ वाट अरुंद होते, तिथं हातात धरून चालायचं. तोल गेलाच तर सायकल सोडून द्यायची. सायकल दुरुस्त होते, नाही झाली तर भंगारात जाते.

आणि कुणी पाण्यात पडलंच, तर मागोमाग उडी मारायची नाही. एकाला वाचवायला दुसरा जातो आणि दोन प्रेतं निघतात, आपल्या भागात हे घडलेलं आहे. लुगडं सोडा, साडी सोडा, लाज नंतर बघू. दोन साड्या गाठून टोक पाण्यात टाका, तेही पडलेल्या माणसाच्या पुढं, म्हणजे पाणी जिकडं वाहतंय तिकडं, कारण तो तिकडंच येणार आहे. टाकताना स्वतः पालथं पडा, मागून दुसरीनं पाय धरा. उभं राहून ओढायला गेलं की आपण आत जातो. झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन सायकलला बांधलेला असेल तर तो टाका, त्याला धरून माणूस तरंगतो. आमच्या गटातल्या प्रत्येकीच्या कॅरिअरला आता एक दोरी आणि एक रिकामा कॅन असतो. पोरं चेष्टा करतात, करू देत.

आता मुरमावर चालवायचं कसं. डांबरापेक्षा वेगळं आहे, पण अवघड नाही. हँडल आवळून धरलं की चाक प्रत्येक खड्याला घाबरतं. हात सैल ठेवा, कोपरं थोडी वाकलेली. नजर पुढच्या चाकावर नको, दहा-पंधरा पावलं पुढं ठेवा. जिकडं बघाल तिकडं सायकल जाते, म्हणून खड्ड्याकडं टक लावून बघितलं की ती खड्ड्यातच जाते. हा अनुभव मी चार वेळा घेतलेला आहे. वळणाच्या आधी हळू करा, वळणावर ब्रेक मारू नका. सुट्ट्या मुरमात पुढचा ब्रेक एकदम दाबला तर चाक घसरतं. मागचा आधी, पुढचा हलक्या हातानं. टायरमध्ये हवा दगडासारखी भरू नका, अंगठ्यानं दाबल्यावर किंचित दबली पाहिजे. पण फार कमीही नको, नाहीतर खड्यावर ट्यूब चिमटते आणि पंक्चर होते.

साडीवर चालवता येते. मी चालवते. चेनला पूर्ण झाकण पाहिजे आणि मागच्या चाकाला जाळी पाहिजे, पदर कमरेला खोचलेला. पोरींच्या ओढण्यांना मागं गाठ मारायला लावा. नऊवारीवाल्यांना काहीच त्रास नाही, आमच्या आत्याबाई बासष्टाव्या वर्षी शिकल्या आणि सगळ्यांत नीट त्याच बसतात.

पावसाळ्यात, वाट ओली असताना जाऊ नका. काळ्या मातीचा भराव असेल तर चाक आणि मडगार्डाच्या मध्ये चिखल बसून सायकल उचलून आणावी लागते. शिवाय ओल्या भरावावर चाकोऱ्या पडल्या की त्यांत पाणी साठतं, मुरतं, आणि भराव कमजोर होतो. दोन दिवस ऊन पडू द्या. अंधार पडायच्या आत घरी या. उसाच्या भागात बिबट्या आहे हे मी सांगायला नको, आणि साप मुरमावर ऊब घ्यायला येतो.

मोठ्या मुलींसाठी तर ही वाट फार मोलाची. मानव विकास कार्यक्रमातून ज्या तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेला जायला सायकली मिळतात, तिथं सायकल घरी येते. पण रस्त्याला ट्रॅक्टर आहेत म्हणून आई ती बाहेर काढू देत नाही, आणि वर्षभरात तिच्यावर बाप दूध घालायला जातो. माझंही असंच झालं होतं, खोटं कशाला सांगू. थोरलीची सायकल दोन वर्षं आमच्या पडवीत उभी होती. धाकटी कालव्यानं गेली आणि बारावी झाली.

तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमाराला साक्षरतेची चळवळ झाली, तिथं अक्षरांबरोबर बायांना सायकल शिकवली होती. दगडखाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर बाया हजारोंनी शिकल्या. तिथंही लोक हसले होते.

आता आमच्या गावातलं सांगते. ह्या वर्षी ठराव आला की कालव्याची वाट डांबरी करावी. ऊस लवकर निघेल, वरच्या वस्तीला गाडी जाईल. मी ग्रामसभेत उभी राहिले आणि पहिल्यांदा माझीच जीभ अडकली, कारण वरच्या वस्तीचं म्हणणं खोटं नाही. मागच्या पावसाळ्यात तिथल्या एका पोरीला बाळंतपणासाठी झोळीतून खाली आणावं लागलं. त्यांना रस्ता पाहिजेच. पण तो कालव्याच्या भरावावरूनच पाहिजे का? वस्तीपासून मोठ्या रस्त्याला जुनी गाडीवाट आहे, जेमतेम दीड किलोमीटर, दोन्ही बाजूंनी बांध सरकवून ती बैलगाडीपुरती राहिली आहे. ती मोजून मोकळी केली आणि डांबरी केली तर दवाखान्याची गाडी लवकर पोचेल. पण बांध सरकवलेले कुणाचे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून ते कुणी बोलत नाही. कालव्याची जागा सरकारी, तिथं कुणाशी भांडण नाही.

आणि कालव्याची वाट ही मुळात पाटबंधारे खात्याची आहे, गावाची नाही, हेही आम्ही विसरलो होतो. आपण तिथून जातो ते खात्यानं चालवून घेतलंय म्हणून. हक्क आहे असं समजून भांडायला गेलं तर सायकलही बंद करतील. म्हणून आम्ही अर्ज केला तो वेगळ्या तऱ्हेनं. उसानं भरलेल्या ट्रॉल्या भरावावरून जायला लागल्या तर भराव खचेल, अस्तराला चिरा जातील आणि शेवटच्या टोकाच्या शेताला पाणी पोचणार नाही, हे आधी लिहिलं. शेवटच्या टोकाच्या बत्तीस शेतकऱ्यांच्या सह्या घेतल्या, त्यांत गडीच जास्त. मग मागणी केली की वाटेच्या दोन्ही तोंडांना आडवा लोखंडी बार बसवावा, कुलपाचा. किल्ली खात्याकडं. बाराच्या बाजूनं सायकल, ढकलगाडी आणि गाभण म्हैस जाईल एवढी फट. गाभण म्हैस हे शब्द लिहावेत की नाही ह्यावर गटात अर्धा तास वाद झाला, शेवटी लिहिले. त्याच्या खाली दुसरी मागणी, जुनी गाडीवाट मोजून मिळावी. ही ग्रामपंचायतीकडं आणि तहसीलला.

अर्जाला पोच मिळाली आहे, उत्तर नाही. एक साहेब येऊन बघून गेले. त्यांना आम्ही जीपमधून उतरवलं आणि म्हटलं, साहेब, आमच्याबरोबर बाजारापर्यंत सायकलवर चला. ते म्हणाले, पुढच्या वेळी. वरच्या वस्तीच्या दोघी पहिल्यांदा आमच्यावर रुसल्या होत्या, आता मोजणीच्या अर्जावर त्यांच्याही सह्या आहेत. ज्यांचे बांध आहेत ते माझ्याशी बोलत नाहीत. त्यांत माझे चुलत दीरही आहेत.

चालू आवर्तन ह्या महिनाअखेर संपेल. त्यानंतर कालवा कोरडा झाला की सहा नव्या बाया शिकणार आहेत, कुणाला यायचं असेल तर सकाळी सात वाजता शाळेच्या पटांगणात या. जुनी सायकल घेऊन या, नसली तर आमची आहे. सीट खाली करायची, दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत, आणि दोन्ही पायडलं काढून टाकायची. पहिले दोन दिवस नुसतं पायानं ढकलत, पाय उचलत तोल शिकायचा, पायडल तिसऱ्या दिवशी. पायडल काढायला पंधरा नंबरचा पाना लागतो. उजवं नेहमीसारखं उघडतं, पण डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचं. नाहीतर आमच्यासारखं आवळत बसाल आणि म्हणाल गंजलंय.